अडलेला क्रूस

कांदा काढायला आला आणि नेमकं त्याच वेळी आभाळ भरून यायला लागलं. मार्च सरत आला होता. दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं आणि चार वाजले की मावळतीला करडे ढग येऊन बसायचे. काढून ठेवलेला कांदा भिजला की गेलाच. त्यामुळं वैजापूरकडच्या त्या सगळ्या पट्ट्यात, आणि भोकरवाडीच्या शिवारात तर जास्तच, ज्याच्या त्याच्या तोंडी एकच सवाल होता, बाया मिळतील का बाया?

बाया साळूबाईकडं होत्या. साळूबाई त्रिभुवन पन्नाशीची, काटक. विळ्यानं चिरून चिरून तिची बोटं सालपटासारखी झालेली. नवरा मागंच वारला होता, पोरबाळ नव्हतं. तिला धरून बारा जणींची टोळी, काही चर्चवस्तीतल्या, काही वरच्या धनगरवाड्यातल्या. काम उक्तं घ्यायचं आणि बारा जणींनी मिळून संपवायचं. एकीनं हात आखडला की तिचा वाटा बाकीच्या अकरा जणींच्या कमरेवर. सकाळी सहाला साळूबाई पिकअप गाडीत ड्रायव्हरशेजारी बसायची आणि दारादारापुढं एकेकीचं नाव घ्यायची. वही नाही, कागद नाही. अकरा नावं, रोज त्याच क्रमानं. रानात बायांची ओळही त्याच क्रमानं बसायची. ज्या दारापुढं नाव घेतलं नाही, तिनं समजून जायचं.

त्या मंगळवारी गाडी शेवटी अमृताच्या दारापुढं थांबली आणि साळूबाईनं नाव घेतलं ते तिच्या सासूचं.

"केसर, चल गं."

अमृता डोक्याला फडकं गुंडाळून, भाकरी बांधून उंबऱ्यात उभी होती. आत सात महिन्यांची रिबू नुकतीच पिऊन झोपलेली. केसरबाई चुलीपुढून उठली, भिंतीला धरून.

"मी? माझे गुडघे हायेत का कामाचे?"

"तुझे गुडघे जागे तरी असत्यात," साळूबाई म्हणाली. "सुनंला झोपू दे तुझ्या."

गाडीतल्या बाया हसल्या. कुणी मुद्दाम हसलं नाही, सकाळी सकाळी गाडीत दाटीवाटीनं बसलं की हसू येतं तसं. पण अमृताला ते पाठीत लागलं. केसरबाईनं तिच्या हातातली भाकरी घेतली, डोक्यावरचं फडकंही घेतलं, आणि दोघींनी हात देऊन तिला गाडीत ओढून घेतलं.

झालं होतं ते एवढंच. आदल्या दिवशी रामहरी अण्णांच्या रानात उपटलेल्या कांद्याची पात कापायचं काम चाललं होतं. बारा वाजले तशी अमृताची छाती दगडासारखी झाली. पोलकं भिजलं, वरून पदर भिजला. शेजारची बानाबाई म्हणाली, "जा की गं, पाजून ये पटकन." साळूबाई पार दुसऱ्या टोकाला होती. तिला न विचारता अमृता निघाली. तीन किलोमीटर चालत आली, रिबूला घेतलं, भिंतीला टेकून बसली. लेकरू चुळचुळ प्यायला लागलं, अंगातला ताण उतरत गेला आणि तिचा डोळा लागला. जागी झाली तेव्हा साडेतीन वाजले होते. धावत परत गेली तर बाया कमरेवर हात देऊन उभ्या आणि तिच्या वाट्याचे दोन वाफे कापून झालेले. पश्चिमेला ढग आलेले. साळूबाईच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, तिच्यातून रक्त आलेलं. घाईत कापलं होतं.

अमृता माहेरची छावणीतली. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत चर्चच्या मागच्या लायनीत तिचं लहानपण गेलं. गायनात पहिल्या रांगेत उभी राहायची. वाचन करायला फादर तिलाच हाक मारायचे. ती प्रार्थना बोलायला लागली की बायांच्या डोळ्यांना पाणी यायचं. लग्न होऊन भोकरवाडीला आली तेव्हा हातात विळा धरता येत नव्हता, पण ईस्टरआधीच्या पहिल्याच उपवासकाळात तिनं इथल्या बायांना रडवलं होतं. नवरा शमुवेल वाळूजच्या कंपनीत. तिथंच चौघांत एक खोली. दोन रविवारांतून एकदा यायचा. एरवी या घरात ती, सासू आणि लेकरू. आणि एका भिंतीपलीकडं साळूबाई. भिंत दोन्ही घरांची एकच. साळूबाईचं खोकणं, भांडं ठेवणं, रात्री खाटेवर पडताना "आई गं" म्हणणं, सगळं इकडं यायचं.

चर्चवस्तीत उपवासकाळाची एक रीत होती. कुणी पाडली ते माहीत नव्हतं. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की त्या संध्याकाळी बाभळीच्या लाकडाचा हातभर क्रूस पहिल्या घरात जायचा. ज्या घरात क्रूस, त्या घरानं त्या संध्याकाळची प्रार्थना बोलायची, कोरा चहा द्यायचा. दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यांनी अनवाणी चालत तो पुढच्या घरी न्यायचा. क्रूस हातातून हातात द्यायचा. उंबऱ्यात ठेवायचा नाही, भिंतीला टेकवायचा नाही. घरांचा क्रम मोडायचा नाही. अशी छत्तीस घरं. कुणाकडं मयत झाली, वादळ आलं तर असावेत म्हणून चर्चचं काम बघणारे कारभारी मास्तर आठ दिवस हाताशी ठेवायचे. शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, क्रूस चर्चमध्ये पोचला पाहिजे. तो पोचला नाही असं कधी झालं नव्हतं.

अमृताचं घर सव्विसावं. साळूबाईचं सत्ताविसावं.

त्या रविवारी क्रूस अमृताच्या घरी आला. अंगण झाडून तिनं सतरंजी आणि दोन खतांच्या गोण्या उसवून अंथरल्या होत्या. वस्ती जमली. साळूबाई भिंतीशी पाय पसरून बसली. हात धुतले तरी कांद्याचा वास येत होता. मास्तरांनी वाचन केलं. मंदिरात गेलेल्या दोघांची गोष्ट होती. एकजण पुढं उभा राहून देवाला आपला चांगुलपणा सांगतो. दुसरा मागंच, मान खाली घालून, छाती बडवत एवढंच म्हणतो की मी पापी आहे, दया कर. मास्तरांनी चष्मा काढला आणि अमृताकडं पाहिलं.

"बोल पोरी."

अमृता गुडघ्यावर आली. डोळे मिटले. आवाज आपोआपच खाली गेला, थोडा ओला झाला.

"हे दयाळू प्रभू, आम्ही तुझ्या पायांखालची धूळ आहोत. त्या मागं उभ्या राहिलेल्या माणसासारखं आम्हाला नम्र कर. आमच्या हातून चुका होतात, त्या पोटात घाल." इथपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. बायांनी नेहमीसारखा हुंकार भरला. तो हुंकार ऐकला आणि अमृताच्या आत काहीतरी तापलं. "आणि प्रभू, जे आमच्या लेकरांच्या तोंडचा घास काढतात, त्यांनाही क्षमा कर. ज्यांची ओटी तू कधी भरली नाहीस, त्यांना दुसऱ्याच्या लेकराची भूक कशी कळावी? तो त्यांचा अपराध धरू नकोस. त्यांच्या कोरड्या मनाला तूच पाझर फोड. आमेन."

"आमेन," वस्ती म्हणाली. सवयीनं, एका आवाजात. केसरबाईही म्हणाली.

मग शब्द कुठं जाऊन पोचले ते हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं. साळूबाईनं पाय जवळ घेतले, जमिनीवर तळवा टेकवून उठली. अमृतानं तिच्यापुढं चहा ठेवला होता. त्या पेल्याला वळसा घालून ती निघून गेली. भिंतीपलीकडं कडी वाजली.

"प्रार्थना... चांगली बोलतीस तू," मास्तर म्हणाले, पण चष्मा पुसत, खाली बघत.

अमृताला त्या वेळी बरंच वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटलं. मंगळवारी गाडीतल्या हसण्याचं उट्टं निघालं, आणि तेही एक वावगा शब्द न बोलता, गुडघ्यावर बसून.

दुसऱ्या संध्याकाळी वस्ती जमली. अमृतानं क्रूस पदरात घेतला, अनवाणी दहा पावलं चालली. साळूबाईचं दार बंद. फटीतून दिव्याचा उजेड दिसत होता.

"साळूबाई," मास्तरांनी हाक मारली, "क्रूस आलाय."

आत खाट करकरली.

"ए साळू, उघड की!" मागून पुढच्या घरची कौसाबाई म्हणाली.

मग आतून आवाज आला, शांत. "माझ्या घरात लेकरू नाय. कोरडं घर हाय. पुढं न्या."

सगळ्यांनी आपापल्या पायांकडं बघितलं. मग एकेकानं अमृताकडं बघितलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं गेली. रस्त्यावरून एक दूधवाला थांबून बघून गेला. मास्तर म्हणाले, "आजचा दिवस ऱ्हाऊ द्या," आणि अमृता क्रूस घेऊन दहा पावलं परत आली.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. गुरुवारी मागं सात माणसं होती. शुक्रवारी मास्तर आणि दोन म्हाताऱ्या.

क्रूस घरात असला की घर भरलेलं असतं, अशी त्या वस्तीची समजूत. अमृताच्या घरात तो राहिला आणि घर ओस पडलं. पहाटे केसरबाई गाडीत बसून जायची. मग दिवसभर ती, लेकरू आणि देवळीतला क्रूस. नळावर गेली की बाया पटकन हंडे भरायच्या. कुणी भांडलं नाही, कुणी बोल लावला नाही. "झालं का पाणी?" "झालं." एवढंच. त्या बायांना तिचा राग होता की आपणही आमेन म्हणालो याची लाज, हे तिला कळेना. दोन्हीत माणूस नजर चुकवतोच.

शमुवेलला फोन केला. मागं मशीनचा आवाज. "फादरला सांग ना," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"हेच, की साळूकाकी क्रूस घेईना."

"तिनं का घेतला नाही ते सांगू की नको?"

"ठेवतो आता, सुपरवायझर आला."

छावणीला आईला केला. आई म्हणाली, "तुझ्यासारखी प्रार्थना येते का त्या खेड्यात कुणाला? जळतात. तू लक्ष देऊ नको." हे वाक्य अमृतानं आयुष्यभर ऐकलं होतं आणि दर वेळी ते अंगावर पांघरूण घातल्यासारखं वाटायचं. आज वाटलं, हेच तर मी त्या अंगणात बोलत होते. फक्त आवाज माझा होता.

दुपारी लेकरू निजलं की ती क्रूसापुढं गुडघे टेकायची. टेकले की वाक्यं तयारच असायची, ओळीनं. हे दयाळू प्रभू, मी धूळ आहे. मग तिला ऐकू यायचं की आपण किती छान म्हणतोय. एकदा तर आवाज चढला आणि तिच्या लक्षात आलं, आपला कान भिंतीकडं आहे. पलीकडं ऐकू जातंय का हे आपण बघतोय. साळूबाई रानात होती, घरात कुणी नव्हतं, तरीही. तोंडातलं वाक्य तसंच अर्धं राहिलं. नंतर चार दिवस तिच्या तोंडून प्रार्थना निघाली नाही. नुसती बसायची. रिबू रांगत येऊन तिच्या पदराला लोंबकळायची, आणि ती लेकराच्या टाळूवर हनुवटी टेकून क्रूसाकडं बघत राहायची. एवढं मोकळं, एवढं एकटं तिला कधीच वाटलं नव्हतं. शब्द होते तोवर निदान शब्दांची सोबत होती.

शनिवारी केसरबाई रानातून आली ती दारातच बसली. गुडघे सुजून पिवळे पडलेले. अमृता तेल गरम करून चोळायला बसली. केसरबाई म्हणाली,

"साळूला तीन झाली."

अमृताचा हात थांबला.

"तीन. एक बी रडलं नाय. तिसऱ्या टायमाला मीच होते संगं. वैजापूरला न्यायला गाडी मिळंना, बैलगाडीत झालं. माझ्याच हातात आलं. पोरगी व्हती. केस व्हते डोक्याला, आपल्या रिबूवाणी." केसरबाईनं पाय हलवला. "चोळ. थांबू नको."

"आत्या, मला कुणी सांगितलं नाही."

"सांगायचं काय त्यात? वस्तीत सगळ्यांना म्हाईत हाय. तिला बोलत नाय कुणी." मग जरा थांबून, "अन् मला म्हाईत असून मी आमेन म्हणले. तू बोलतीस ती बोलतीस, पोरी. म्हणणारे आम्हीच की."

अमृताचे डोळे भरले. केसरबाई म्हणाली, "रडू नको. तुझं रडणं बी गोड असतं. ते नको आता."

रविवारी मिस्साला साळूबाई सर्वांत मागं बसली आणि फादर आशीर्वाद द्यायच्या आधी निघून गेली.

सोमवारी अमृतानं रिबूला कमरेला बांधलं आणि ती रामहरी अण्णांच्या रानात गेली. काम मागायला नाही. कांदा उचलून नेल्यावर वाफ्यात बारकी कांदी, जोडकांदे, ढेकळाखाली दबलेले राहतात, तो सरवा ज्याला लागेल त्यानं वेचायचा. अण्णा कुणाला ना म्हणत नव्हते. गाव त्याला गरिबाची भाजी म्हणायचं. छावणीच्या पोरीनं सरवा वेचलेला अजून कुणी पाहिला नव्हता. बांधाच्या बाभळीला तिनं झोळी बांधली, लेकरू आत ठेवलं आणि वाकली.

पलीकडच्या तुकड्यात टोळी बसलेली. बारा पाठी एका ओळीत, विळ्यांचा चरक चरक आवाज. शेवटच्या जागेवर केसरबाई एक पाय लांब सोडून. बायांनी माना वर करून बघितलं, पुन्हा खाली घातल्या. अमृता ढेकळं फोडत दूर दूर गेली. माती तापलेली. नखांत कांद्याचं पाणी चरचरत होतं. पाटी अर्धी भरली तेव्हा रिबूचं रडणं आलं.

ती वळली. धावायला लागली आणि मध्येच थबकली. साळूबाई पाणी प्यायला बाभळीखाली आली होती. तिच्या एका हातात तांब्या होता. दुसऱ्या हाताची दोन बोटं झोळीच्या दोरीवर. झोका देत नव्हती ती, नुसती दोरी हलवत होती, दुसरीकडं बघत. रिबू गप्प झाली होती.

अमृता पोचली तशी साळूबाईनं बोटं काढून घेतली.

"मावशी," अमृता म्हणाली. धाप लागली होती. आठ दिवस जुळवलेलं सगळं कुठंतरी गेलं. "माझं चुकलं."

साळूबाईनं तांब्या पालथा ठेवला. "मला कशाला सांगतीस? तू माझ्याशी बोललीच नव्हतीस."

"मावशी..."

"देवाशी बोललीस. अन् अख्ख्या वस्तीनं आमेन म्हणलं." तिचा आवाज चढला नाही. "तुला काढलं ते मी काढलं. माझा अंगठा चिरला, बायांच्या कमरा गेल्या. तुला राग आला तर तोंडावर शिव्या द्यायच्या. मी पण दिल्या असत्या. मिटलं असतं. देवाला कशाला मधी घातलंस?"

ती निघाली. चार पावलांवर थांबली.

"तिला ऊन लागतंय तिकडून. झोळी फिरव."

मंगळवार उजाडला. मास्तरांच्या हाताशी ठेवलेले आठही दिवस संपले होते. शुभ शुक्रवारच्या आत दहा संध्याकाळी उरल्या होत्या आणि साळूबाई धरून दहा घरं. त्या संध्याकाळी पुन्हा सगळी वस्ती अमृताच्या अंगणात आली, कारण आज ठरवायचं होतं. पलीकडं साळूबाई रानातून येऊन आत गेली होती, भांडं वाजलेलं ऐकू आलं होतं.

मास्तर म्हणाले, "मी फादरशी बोललो. फादर म्हणले, कुणावर जबरदस्ती नाय. आज आपण साळूबाईचं घर सोडून पुढं कौसाबाईकडं जाऊ. रीत मोडती, पण काय करणार?"

"तिनंच म्हणलंय पुढं न्या म्हणून," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. अमृतालाही आत कुठंतरी तो श्वास जाणवला. क्रूस पुढं गेला की झालं. घर मोकळं. ईस्टरनंतर लोक विसरतात. एक घर तेवढं राहून जाईल. आणि दर वर्षी मग ते राहूनच जाईल.

"नका सोडू," ती म्हणाली.

"मग कसं करायचं, पोरी? प्रार्थना करून बघतीस का दारापुढं?"

"नाही. प्रार्थना नको." ती उभीच राहिली. डोळे मिटले नाहीत. आवाज कोरडा आला, तिचा तिलाच अनोळखी. "त्या दिवशी मी बोलले ती प्रार्थना नव्हती. मी काम सोडून घरी आले आणि झोपले. मावशींनी मला काढलं, ते बरोबर होतं. मला राग आला. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती म्हणून देवाचं नाव घेऊन बोलले. तुम्हाला कळायच्या आत तुमच्याकडून आमेन म्हणवून घेतलं. ते तुम्ही परत घ्या."

म्हातारा पुंजाराम, ज्याला अर्धं ऐकू यायचं, मोठ्यानं म्हणाला, "आमेन परत घेता येतं का हो मास्तर?"

मास्तर गोंधळले. "ते... आता ते फादरला विचारावं लागंल."

"फादर येईस्तोवर काय?" केसरबाई भिंतीला धरून उठली. "मी घेतलं परत. मला म्हाईत व्हतं अन् तरी म्हणले. घेतलं."

"मी बी," कौसाबाई म्हणाली.

मग एकेक आवाज आला. कुणाचा मोठा, कुणाचा नुसता ओठातला. पुंजाराम म्हणाला, "मला ऐकूच आलं नव्हतं, पण मी बी घेतो." एकदोघी हसल्या आणि हसता हसता डोळे पुसले. अमृता हसली नाही. ती साळूबाईच्या भिंतीकडं पाठ करून उभी होती. मुद्दाम.

पलीकडं कडी निघाली.

कुणी हाक मारली नव्हती. अमृतानं क्रूस घेतला आणि दहा पावलं चालली. साळूबाई दारात उभी होती. अंगावर रानातलंच लुगडं, पण हात कोपरापर्यंत धुतलेले. पदर पुढं करून तिनं क्रूस घेतला. दोघींची बोटं एकमेकींना लागली. ती वळली आणि आत गेली. माणसं मागोमाग आत शिरली, मावली तेवढी. बाकीची दारात, ओट्यावर. अमृता रिबूला घेऊन सर्वांत मागं, उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

मास्तर म्हणाले, "घरची प्रार्थना." आणि घाईनं जोडलं, "नसंल बोलायचं तर मी बोलतो, साळूबाई."

दर वर्षी मास्तरच बोलायचे. साळूबाई तीस वर्षांत वस्तीपुढं कधी प्रार्थना बोलली नव्हती. सगळ्यांबरोबर पाठ असलेलं म्हणायची तेवढंच.

"बोलते मी," साळूबाई म्हणाली.

गुडघ्यावर बसली. तिला शब्द सापडत नव्हते हे सगळ्यांना दिसत होतं. मग तिनं मान खाली घातली आणि सकाळी गाडीत बसून घ्यायची तशी नावं घ्यायला लागली.

"प्रभू. चतुराबाई. कौसाबाई. मरियाबाई. ज्ञानेश्वरी." प्रत्येक नावानंतर थांबत होती, ती बाई गाडीत चढून बसेपर्यंत थांबायची तेवढंच. "सुमन. धोंडाबाई. रोजा. लीलाबाई. शेवंता. बानाबाई. केसरबाई." अकरा झाली. बारावी ती स्वतः. "अन् मी."

ती थांबली.

अमृतानं मोजलं होतं. सगळ्यांनीच मोजलं असणार. टोळी भरली होती. तिची जागा होती तिथं केसरबाईचं नाव होतं, अकरावं. बरोबर आहे, तिला वाटलं. आणि नवल म्हणजे तिला खरंच तसं वाटलं. काहीच मागावंसं वाटलं नाही. ही बारा माणसं देवानं सांभाळावीत एवढंच. तिनं मान खाली घातली आणि कुणाच्याही आधी, एकटीच, हळू म्हणाली, "आमेन."

"थांब की," साळूबाई आतून म्हणाली. डोळे मिटलेलेच. "झालं नाय माझं."

कुणीतरी उंबऱ्यातून बाजूला सरकलं. दिव्याचा उजेड बाहेर अमृताच्या पायांवर आला.

"प्रभू, केसरबाईचे गुडघे गेलेत. तिला घरी बसव." साळूबाई पुढं म्हणाली, "अन् रिबू. तिला ऊन लागू देऊ नको. रानात बाभळीला झोळी बांधता येती, दुपारी सावली उगवतीकडं फिरती, ते तिच्या आईच्या ध्यानात आणून दे."

रिबूनं अमृताच्या मानेत तोंड खुपसलं.

"अन् तिची आई," साळूबाई म्हणाली. "उद्या सहाला गाडी हाय. तिला वेळेवर उठव."

मग तिनं डोळे उघडले.

"आता म्हणा," ती म्हणाली, आणि वस्ती आमेन म्हणाली. अमृताला ते म्हणता आलं नाही. तिनं लेकराच्या पाठीवर हात ठेवला आणि ती उजेडात तशीच उभी राहिली.